तंबाखू मळताना गेलेला डाव

माझी शाळा तिसरीपर्यंतच झाली. पण वालूरच्या पारावर बुद्धिबळात मला हरवणारा माणूस कैक वर्षं कुणी पाहिला नव्हता. बढाई मारत नाही, कुणालाही विचारा.

आमचा डाव दुपारी मांडला की दिवेलागणीपर्यंत चालायचा. मग माझा लहानपणचा दोस्त रेल्वेतून रिटायर होऊन पूर्णेहून गावी आला आणि त्यानं मोबाइलमधलं घड्याळ आणलं. दोघांना पाच-पाच मिनिटं. आपली चाल झाली की आपल्या बाजूला बोट टेकवायचं, मग समोरच्याचा वेळ पळतो. वेळ संपला की डाव गेला, पटावर वजीर उभा असला तरी.

सुरुवातीला मी रोज हरलो.

"काय बघायलास एवढं? प्यादं हाय ते, पोरीला स्थळ न्हाई बघायचं," तो हसायचा.

मी काय सोडतो? शिकवलं मात्र त्यानंच. पहिल्या चाली ठरवून ठेवायच्या, त्यात वेळ घालवायचा नाही. समोरच्याचं घड्याळ पळतंय तोवर आपण विचार करायचा. अडचणीच्या जागेसाठी वेळ राखायचा. घरी मी एकटाच पट मांडून बसायचो. बायको गॅसवर दूध ठेवायची, ते वर यायच्या आत मी मात करायची. लय वेळा दूधच जिंकलं.

"तुमच्या राजापायी कोरा चहा प्यायची पाळी आली," ती करवादायची.

पण उन्हाळा सरेपर्यंत दोस्त माझ्याकडून हरायला लागला.

आमच्याकडं एक रीत आहे. कुणी तळहात पुढं केला की कमरेची तंबाखूची चंची सोडायची, आपल्या हातानं मळून द्यायची. नाही म्हणत नसतात. डावात त्याला तलफ आली की तो आधी घड्याळ थांबवायचा, मग हात पुढं करायचा. मी घड्याळाकडं कधी बघितलंसुद्धा नाही. त्यानं हात पुढं केला म्हणजे ते थांबलेलंच असणार.

परभणीला म्हाताऱ्या माणसांची जिल्ह्याची स्पर्धा निघाली. गावातून एकच जण जाणार होता, म्हणून शाळेत डाव ठेवले. शेवटचा डाव आम्हा दोघांत आला. मला जायचंच होतं. शिकल्या-सवरल्या लोकांच्या समोर बसून त्यांचा राजा कोंडायचा होता मला.

डाव माझ्या हातात आला होता. त्यानं कसाबसा घोडा हलवला, मोबाइलवर बोट टेकवलं आणि तळहात पुढं केला. माझा हत्ती एक घर सरकला की मात. वेळ थोडाच राहिला होता, पण एका चालीला किती लागतो? म्हणलं, दोस्ताला आधी तंबाखू देऊ, मग हरवू. चुना लावला, नीट मळली, फुंकर मारून धूळ उडवली.

"टाइम झाला," तो म्हणाला.

पंच म्हणून बसलेल्या शाळेच्या गुरुजींनी मोबाइल बघितला. माझ्या बाजूला शून्य.

"थांबवलं न्हाईस?" मी विचारलं.

"थांबवलं म्हणून कवा म्हणलो मी?" असं म्हणत त्यानं माझ्या हातातली तंबाखू चिमटीत उचलली अन् तोंडात टाकली.

गुरुजी म्हणाले, "काका, तुमची काही तक्रार आहे का?"

सगळी शाळा बघत होती. दोस्तानं फसवलं असं चारचौघांत सांगून जागा मागायची? ते माझ्यानं होणार नव्हतं.

"न्हाई," म्हणलं, "घड्याळ चालू होतं."

तो परभणीला जाऊन आला. तिथं काय झालं ते मी विचारलं नाही.

आता पारावर तो येतो, शेजारी बसतो, तळहात पुढं करतो. रीत मोडायची नाही, म्हणून चंची सोडतो आणि त्याच्या मांडीवर टाकतो.

"मळ तुझी तू."

"अरं, एका डावासाठी किती दिस धरून बसायलास?" परवा तो म्हणाला.

"झालं की चंची बांधून दे," मी म्हणालो.