मोहगाववरची उष्टी हवा

या सदरात काही दिवसांपूर्वी एका वाचकाने 'सौंसरचे भुताचे विमान' अशी हकीगत लिहिली. लेखक महाशय त्या काळी जन्मलेले नव्हते, सौंसरला त्यांची फक्त आत्या राहते, आणि ग्लायडरला इंजिन नसते हेही त्यांना ठाऊक नाही — त्यांच्या गोष्टीत ते 'घरघरत' येते! त्यातला 'घाबरून बेशुद्ध पडलेला मास्तर' म्हणजे मी. मी बेशुद्ध पडलो नव्हतो. बेशुद्ध माणसाला ग्लायडर उतरवता येत नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास 'नव्हता' असे लिहून मी सुटका करून घेणार नाही; तो आजही नाही. माझ्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्याबरोबर भुतेही घराबाहेर काढली. ती परत घरात घेण्याचा माझा विचार नाही. पण जे घडले ते घडले, आणि ते मीच नीट सांगू शकतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सौंसरबाहेरच्या माळावर आमचा ग्लायडिंग क्लब होता. पत्र्याची शेड, तीन ग्लायडर — एक शिकवण्याचा, दोन एकट्याने उडवायचे — आणि जुन्या ट्रकच्या इंजिनावरचा एक विंच, जो तारेने ग्लायडरला पतंगासारखा वर खेचतो. वर गेल्यावर तार सुटते. पुढे तुम्ही आणि हवा. नांगरलेली काळी जमीन तापली की ऊन हवा उठते. तीत घिरट्या घातल्या तर ग्लायडर चढतो. ती सापडली नाही, तर तुम्ही कोणाच्या तरी वावरात.

दुसऱ्याने शोधलेल्या हवेत शिरून चढण्याला आमच्या क्लबात 'उष्टे खाणे' म्हणत. जो खाई त्याने संध्याकाळी सर्वांसमोर कबूल करायचे आणि ज्याचे खाल्ले त्याला चहा पाजायचा, असा रिवाज होता. सर्वांना तो शब्द गमतीचा वाटे. मला वाटत नसे. गावाचे उष्टे म्हणजे काय, ते माझ्या आजीने भोगले होते. दीक्षेनंतर वडिलांनी घातलेला पहिला नियम तोच — कोणाचे उष्टे या घरात येणार नाही. म्हणून मी कधी कोणाच्या हवेत शिरलो नाही. वावरात उतरलो, पण शिरलो नाही.

धोट्यांना हे ठाऊक होते. धोटे म्हणजे मोहगावचे संत्र्याचे बागाईतदार, माझ्याच वयाचे. सारा क्लब त्यांना 'पाटील' म्हणे. मी 'धोटे'च म्हणत असे, आणि ते हसत.

त्या शनिवार-रविवारी आम्हा दोघांची शर्यत होती. सौंसरहून निघायचे, पांढुर्ण्याच्या रेल्वे स्टेशनावरून वळायचे आणि परत. जिंकेल त्याला क्लबतर्फे प्रशिक्षक होण्यासाठी पाठवणार होते. मात्र उष्टे खाऊन आलेल्याचा नंबर धरला जाणार नव्हता. मला ती जागा हवी होती. वर्गात गणित शिकवण्याचा मला कंटाळा नव्हता. पण आकाश शिकवणे ही गोष्टच वेगळी.

शनिवारी वारा नव्हता तसे ऊनही नव्हते; कोणाचीच फेरी पुरी झाली नाही. मी लोधीखेड्याकडे एका वावरात उतरलो आणि ढेकळांनी ग्लायडरच्या पोटाचे कापड फाटले. रविवारी भल्या सकाळी मी एकट्याने त्याला ठिगळ लावले. वरून हाती लागला तो रंग — लाल. पांढऱ्या पोटावर भाकरीएवढे लाल ठिगळ. आमच्या प्रशिक्षकांनी, कॅप्टनसाहेबांनी, खाली वाकून ते पाहिले आणि "चलेगा" म्हणाले. धोटे तेव्हा मोहगावहून आलेही नव्हते.

शर्यतीत ते आधी उडाले, मी मागून. पांढुर्णा गाठले, स्टेशनावरून वळलो. परतताना मोहगाववर माझी उंची संपत आली. खाली संत्र्याच्या बागा. बागांवर हवा थंड, मेलेली. एकच वावर मोकळे होते आणि त्यात बैलगाड्या व माणसे. तेवढ्यात डोक्यावर एक पांढरा ग्लायडर संथ घिरट्या घालताना दिसला.

दुसरे कोण असणार?

मी शिरलो. माणसांच्या अंगावर उतरण्यापेक्षा तो शब्द गिळलेला बरा — हा निर्णय आजही मला योग्यच वाटतो. उंचीचा काटा चढू लागला. तो वर, मी खाली. त्याचे पोट स्वच्छ पांढरे. दर घिरटीला त्याच्या पंखाची सावली माझ्या मांडीवरून सरकत होती. पुढे धुरकट हवेत तो दिसेनासा झाला आणि मी सौंसरची वाट धरली.

उतरून पाहतो, तर धोट्यांचा पत्ता नाही! मला ते विचित्र वाटले, पण मी थांबलो नाही. सर्वांसमोर म्हणालो, "मोहगाववर मी धोट्यांचे उष्टे खाल्ले. माझा नंबर धरू नये." हे वाक्य उच्चारणे मला किती जड गेले, ते मीच जाणे.

थोड्या वेळाने धोटे उतरले. कोणीतरी त्यांना माझे बोलणे सांगितले. ते टोपी काढून माझ्याकडे बघतच राहिले.

"काय बोलून राहिले मास्तर? माह्यं उष्टं? अहो, मीच तं तुमचं खाल्लं! मोहगाववर मी बुडून राहिलो होतो अन् तुमी डोक्यावर घिरट्या घालून राहिले होते."

कॅप्टनसाहेब हसले. "दोनों एक-दूसरे के ऊपर? चलो, छाँव में बैठो. धूप लग गई है."

मला हसू आले नाही. मला दान दिसले. "धोटे, पाटीलकी आता आकाशातही चालवून राहिले का? मला दया नको."

"दया?" ते लाल झाले. "मले ती जागा नको हाय का बाप्पा? घरी बायकोले सांगून आलो, जिकूनच येतो म्हून! खोटं बोलून मी माह्यंच नाक कापू?"

दोघांनीही एकमेकांसाठी चहा सांगितला. दोघांनीही तो घेतला नाही. जागा कोणालाच मिळाली नाही.

मग लोकांनी अकला पाजळल्या. कॅप्टनसाहेबांचे म्हणणे, दोघे एकाच उंचीवर समोरासमोर होतो, म्हणून भास झाला. साफ चूक! एका उंचीवर वळताना समोरच्याची पाठ दिसते, पोट नाही. आणि सावली वरच्याचीच पडते. कोणी म्हणाले, नागपूरकडून कोणी उडत आला असेल. चौकशी केली, कोणी उडाले नव्हते. आमचा तिसरा ग्लायडर पंख काढून शेडमध्ये पडला होता. आणि भूत म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे — आमच्या क्लबात कधी कोणी मेलेच नाही, तर भूत आणायचे कोठून?

माझा संशय धोट्यांवर होता, आणि तो मी वर्षानुवर्षे जपला. भेटलो की आडून विचारायचे, कोठे चुकतात ते पाहायचे. खोटे बोलणारा दर वेळी काही तरी जोडतो, असा वर्गातला माझा अनुभव. धोट्यांनी कधी काही जोडले नाही, काही गाळले नाही. क्लब बंद पडला, शेडचे पत्रे गेले, आम्ही दोघे म्हातारे झालो. तरी एकमेकांचा चहा आम्ही घेतला नाही.

मागच्या उन्हाळ्यात पांढुर्णा स्टेशनाबाहेरच्या टपरीवर अचानक भेट झाली. बसलो, आणि विषय निघालाच.

"मास्तर, आता जायाचे दिवस आले," ते म्हणाले. "आता तरी माना ना गा. तुमचं ते पांढरंफेक पोट अजून दिसते मले. एक डाग नोता."

"काय म्हणालात?"

"एक डाग नोता म्हन्लं."

मी त्यांना ठिगळाचे सांगितले. लाल, भाकरीएवढे.

"मंग मास्तर… आपन दोघायनं खाल्लं कोनाचं?"

याचे उत्तर ज्याच्याजवळ असेल त्याने लिहावे. मात्र आत्याकडून ऐकलेले लिहू नये.

धोट्यांनी तीन चहा सांगितले. मी त्यांचा घेतला, त्यांनी माझा. तिसरा बाकड्यावर आमच्या दोघांच्या मध्ये राहिला. त्यावर साय धरली. टपरीवाल्याने विचारले, "हा उचलू का मास्तर? कोनी येनार हाय का?"

मी आत्मा मानत नाही, नैवेद्य मानत नाही. पण रिवाज हा रिवाज असतो.

"राहू दे," मी म्हणालो.