चढला का उडाला

"आबा, गाडी पेटली!"

पेटली काय न्हवती. पण इंजिनाच्या गरमीचा काटा एकदम लाल रेघेव जाऊन बसला. गाडी कशीबशी कडंला लावली, मागं डब्यांच्या मधी बसल्याली माझी पोरगी काखंत मारली आन् पळाले थेट उसाच्या बांधाव. वाटलं, आता भडका उडतोय. मागं वळून बगते तर आबा गाडीतच. टेकून बसल्यालं, तंबाखू मळत.

"आबा, उतरा की वं!"

"चढला का उडाला?" त्यांनी खिडकीतनं इचारलं.

"काय?"

"काटा गं. हळूहळू चढला, का एकदम उडाला?"

"उडाला! एकदम!"

"मग ये माघारी. खोटं बोलतोय त्यो. खरा काटा चढतो, खोटा उडतो."

आबा म्हंजी आमचं कन्हेरीतलं शेजारी. सारी उमर साखर कारखान्याची जीप चालवल्याली. आमचं मालक एमआयडीसीत शिफ्टला, तितल्याच पोरांना मी जेवणाचं डबं सुरू केलं, त्यापायी ही जुनी गाडी घेतली. माझ्यापरास वयानं थोरलीच असंल. शिकवायला आबा. मी अशी भित्री, कुकरची शिट्टी झाली तरी दचकते, आन् मला शिकवायचं म्हंजी बगा.

शिकवताना तोंडानं लई बोलायचं न्हाईत. त्यांचा पाय बोलायचा. म्हस आडवी आली, ट्रॅक्टर पुढं आला, की बाजूच्या सीटवर बसून उजवा पाय खाली दाबायचं. तितं कुठला आलाय ब्रेक! मी हसायची. दाबून दाबून तितली चटई पार फाटली.

तर त्या दिशी मी पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात आबा गरजलं, "झाकणाला हात लावू नकोस! कुकरची वाफ जायाच्या आधी झाकण काढतीस का?"

"न्हाय."

"मग?"

आबांनी बाही सरकवून मनगटापासनं कोपरापातुर भाजल्याला डाग दावला. "ह्यो माझा लायसन," म्हणलं.

मग माझाच हात धरून रेडिएटरच्या वरच्या पाईपाजवळ नेला. "पोरगीचा ताप बगती तसा बग." पाईप नुसता कोमट. रेडिएटरला जोडल्याली पाण्याची बाटलीबी खुणंपातुर भरल्याली. मला नुसती चावी फिरवायला लावली, इंजिन चालू न करता. काटा परत वर. इंजिनाची गरमी काट्याला कळवणाऱ्या सेन्सरची वायर त्यांनी काढून हातात धरली.

"आता?"

"अजून वरच हाय."

"मग सेन्सर बिचारा निर्दोष. चोर वाटंत हाय."

वायरीवनं बोट फिरवत गेलं. एका जागी लोखंडाच्या कडंला घासून तिचं कातडं गेलं हुतं, आतली तार पत्र्याला टेकत हुती. काळी चिकटपट्टी गुंडाळली, वायर बाजूला बांधली, परत जोडली. काटा गुमान खाली. पोरगीनं टाळ्या वाजवल्या.

मी म्हणलं, "आबा, तुमी हाय तवर चालवीन. तुमी न्हाय त्या दिशी गाडी इकून टाकीन, डबं बंद."

आबांनी पिंक टाकली आन् म्हणलं, "चल, भात गार हुतोय."

दिवाळीनंतर आबांचं लेकीकडं इंदापूरला जायाचं ठरलं. म्हातारी गेल्याली, डोळ्याला नीट दिसंना, एकट्याचं करणार कोण? सोडायला मीच निघाले. मागं त्यांची पत्र्याची पेटी आन् माझी पोरगी. बारामती सुटली तसं आबांनी डोळं मिटलं, तोंड उघडं, घुर्र घुर्र.

निम्म्या वाटंत काटा हलला. मी म्हणलं, खोटं बोलतोय. पण उडाला न्हाय. जरा वर. अजून जरा वर. चढत हुता. आबांना हाक मारायला तोंड उघडलं, आन् नजर खाली गेली.

डोळं मिटल्यालं, घोरणं चालू. पण उजवा पाय चटईच्या भोकात गच्च दाबल्याला.

मी हाक गिळली. गाडी लिंबाच्या सावलीला लावली, इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं तर वाफ, आन् पाईपाच्या तोंडातनं पाणी गळतंय. झाकणाला हात लावला न्हाय. रडू येत हुतं, तरी थांबले. पोरगी म्हणली, "आबाला उठव की." म्हणलं, "झोपू दे." पाईपाव हात ठेवता येईपातुर थांबले, मग पाईपाची सैल झाल्याली क्लिप पेचकसानं आवळली, फडकं धरून झाकण सोडलं, पाणी भरलं, चालू केली. काटा मधी येऊन गप बसला.

तवर आबांचा पाय उचलला हुता.

लेकीच्या दारात उतरल्याव त्यांनी बॉनेटव तळवा ठेवला, जसा पोरगीच्या डोक्याव ठेवत्यात.

"झोप झ्याक लागली बग," म्हणलं.

"व्हय आबा," मी म्हणलं. "लई घोरत हुता."

आता मी एकटीच जाते डबं घिऊन. मालक म्हणत्यात, ती फाटकी चटई टाक, नवी आणू. मी टाकू देत न्हाय. त्या सीटवर डबं ठेवते, पण पायाची जागा मोकळी ठेवते.

पण तुमी सांगा. तुमाला त्यो पाय दिसला असता, तर तुमी आबांना उठवलं असतं का?