पाचव्या माळेचा दिवा

मुलाच्या आग्रहावरून मी आठवणी लिहायला घेतल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. पुण्यातली नोकरी लिहून झाली, सोसायटीची सेक्रेटरीगिरी झाली, पत्नीचं आजारपणही लिहिलं. त्या सगळ्या पानांत मी बरा माणूस आहे. हे एक प्रकरण मात्र दर वेळी वगळून पुढे गेलो. मुलाला आणि सुनेलाही ते ठाऊक नाही. न्यूझीलंडमध्ये, लोअर हट या गावातल्या आमच्या इमारतीत अजून कोणी त्या बाईंचा विषय काढला, तर "त्या दिवा लावून अलार्म वाजवणाऱ्या आजी" असंच म्हणतात. ते खरं नाही. ते खोटं मी पसरवलं.

पत्नी गेल्यावर २०११ साली मी मुलाकडे कायमचा राहायला आलो. आमची इमारत तीन मजली, सगळी लाकडी. प्रत्येक मजल्यावर लांबलचक कॉरिडॉर आणि त्याच्या छताला धूर ओळखणारी यंत्रं. घरातला अलार्म वाजला तर तो घरापुरता वाजतो. खाली उभं राहून टॉवेल फडकवला की गप्प होतो. पण कॉरिडॉरमधलं यंत्र वाजलं की सगळ्या इमारतीत भोंगे सुरू होतात, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि बंब आपोआप निघतो.

पुण्यात वीसेक वर्षं मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. माझ्या सहीशिवाय टाकीवर माणूस चढत नसे. इथे मला सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोणी काही विचारत नव्हतं. त्यामुळे इमारतीच्या मॅनेजरने मजल्यामजल्याला फायर वॉर्डन नेमायचं काढलं, तेव्हा मी लगेच हात वर केला. बिनपगारी काम, दुसरं कोणी तयार नव्हतंच. मला एक चमकदार पिवळं जाकीट मिळालं. मी ते दुधाची बाटली आणायला डेअरीवर जातानाही घालायचो.

इमारतीत मराठी घरं पाच-सहा. सगळी शिकायला आलेली आणि इथेच राहिलेली मुलं. त्यांचे आईवडील आळीपाळीने सहा-सहा महिने येऊन राहायचे. त्यांना इमारतीचे नियम मराठीत समजावणं हे मी माझं काम करून टाकलं होतं. अलार्म वाजला की जिन्याने खाली यायचं, कार पार्कच्या कोपऱ्यातल्या हिरव्या पाटीखाली उभं राहायचं. आणि एक वाक्य तर मी शाळेसारखं वदवून घ्यायचो, "घरात धूर झाला तर खिडकी उघडा, बाहेरचं दार उघडू नका." आपल्याला उलट सवय असते. काही करपलं की आपण आधी पुढचं दार सताड उघडतो. इथे तसं केलं की धूर कॉरिडॉरमध्ये जातो आणि बंब दारात येतो.

२०१४च्या हिवाळ्यात आमच्या समोरच्या घरात कराडच्या एक बाई आल्या. लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. लेकीला दोनदा दिवस जाऊन मूल राहिलं नव्हतं, म्हणून बाई बऱ्याच आधी आल्या होत्या. जावई हॉटेल मॅनेजमेंट शिकायला आलेला आणि आता गोदामात सुपरवायझर झालेला. त्याच्या आईला व्हिसा मिळाला नव्हता. थोडक्यात, त्या मुलीजवळ आईशिवाय दुसरं कोणी नव्हतं आणि बाईंनाही ते माहीत होतं. "बाळाला पहिली आंघोळ मी घालणार, मग मेले तरी चालंल," असं त्या कोणालाही सांगायच्या.

माझ्याच वयाच्या, विधवा, इंग्रजीचा गंध नाही. पण बोलायला लागल्या की कार पार्कजवळच्या बाकावरचे सगळे म्हातारे त्यांच्याकडे तोंड करून बसायचे. त्याआधी ते माझ्याकडे तोंड करून बसत.

त्या आल्यानंतरच्याच महिन्यात फायर ड्रिल झालं. भोंगे वाजले, सगळे खाली आले, बाई आल्या नाहीत. मी जाकीट घालून हिरव्या पाटीखाली उभा होतो. आधी इंग्रजीत आणि मग मराठीत मोठ्याने जाहीर केलं, "समोरच्या आजी आल्या नाहीत. त्या जळून मेल्या असं आपण धरू." काही लोक हसले. मला बरं वाटलं. तेवढ्यात वरच्या गॅलरीत बाई आल्या, हातात लाटणं तसंच.

"मेले का मी?"

"हो. नियमाने तुम्ही मेलात."

"मग सेक्रेटरी, दहाव्याचं कसं करायचं? हितं या देशात कावळेच नाहीत. पिंडाला शिवायला तुम्हीच या."

कार पार्क खदखदून हसला. माझा मुलगा हसला, सून तोंडाला ओढणी लावून हसली. मराठी कळतं पण बोलत नाही असा माझा नातू शेजारच्या सामोअन पोराला "माय आजोबा इज द क्रो" असं समजावून सांगत होता. त्या दिवसापासून मी कावळा झालो. पोरं माझ्या जाकिटाला बघून काव काव करायची. हसून सोडून द्यायची गोष्ट होती. मी सोडली नाही.

नवरात्र आलं. इथे तेव्हा वसंत असतो आणि वारा असा की उघड्या खिडकीतून कॅलेंडर उडून जातं. बाईंनी लेकीच्या घरी घट बसवले. कराडच्या घराला कुलूप होतं, मग देवीला उपाशी कसं ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. मी वॉर्डन म्हणून पाहायला गेलो, तर घट बाथरूममध्ये! बाथटबमध्ये पाट, पाटावर घट, बाजूला पितळी ताटात अखंड दिवा आणि ताटाभोवती पाणी. टबाचा पडदाही काढून ठेवलेला.

"न्हाणीघरात देव बसवला, पाप लागंल," त्या म्हणाल्या. "पण लाकडाची घरं हायती. देवी घेईल समजून. नातवंड सुखरूप होऊ दे म्हणून बोललेय मी तिला, नऊ दिवस दिवा विझू देणार नाही."

माझ्या सगळ्या कारकिर्दीत आगीची इतकी काळजी घेतलेलं घर मी पाहिलं नव्हतं. तसं मी बोललो नाही. "लक्ष ठेवा," एवढंच म्हणालो.

पाचव्या माळेच्या दिवशी घरात मी एकटा होतो. सुनेचे उपास होते. संध्याकाळच्या खिचडीला कूट तयार असावं म्हणून मी शेंगदाणे भाजायला ठेवले आणि क्रिकेट बघत बसलो. डोळा लागला. जाग आली ती घरातल्या अलार्मने. कढईतले शेंगदाणे कोळसा झाले होते, स्वयंपाकघर दिसत नव्हतं. खिडकी उघडली तर वाऱ्याने सगळा धूर उलटा माझ्या तोंडावर आला. मी खिडकी लावली. आणि मग मी, फायर वॉर्डनने, पुढचं दार सताड उघडलं.

इमारतभर भोंगे सुरू झाले. मी कढई गॅलरीत नेली, तिच्यावर बादली पालथी घातली, दार ओढलं आणि जाकीट चढवून कॉरिडॉरमध्ये आलो. बंबवाले येईपर्यंत धूर पांगला होता, करपट वास राहिला होता. यंत्र वाजलं होतं ते नेमकं आमच्या दोन दारांच्या मधलं. त्यांच्यातल्या मोठ्या अधिकाऱ्याने मला विचारलं, "तुमच्याकडे काही शिजत होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "समोरच्या बाई घरात दिवा पेटता ठेवतात. उघडी ज्योत."

बाई दारातच उभ्या होत्या, खाली उतरल्या नव्हत्या. दिवा एकटा सोडायचा नसतो. लेक डॉक्टरकडे तपासणीला गेली होती. अधिकारी माओरी होता, इथल्या मूळ लोकांपैकी, दांडगा. त्याने बाईंना वाकून "किआ ओरा" म्हटलं, त्यांनी हात जोडले. तो बाथरूममध्ये गेला, टब पाहिला, छताकडे पाहिलं, वास घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, की या दिव्याने धूर झालेला नाही. दिव्याची जागा उत्तम आहे. कोणीतरी जवळ राहा म्हणावं, बाकी स्वीट ॲज, म्हणजे सगळं ठीक. बाईंना त्याने अंगठा दाखवला, हसला आणि खाली गेला.

"काय म्हणाले वो साहेब?"

मी तिथे एकटाच दुभाष्या होतो.

"दिवा आत्ताच्या आत्ता विझवा म्हणतात."

"पण हसले की ते."

"हसतातच ते. रीत आहे इथली. दिवा चालू राहिला तर तुमच्या लेकीला घर खाली करावं लागेल."

त्या जवळ आल्या. पहिल्यांदाच त्यांनी मला सेक्रेटरी म्हटलं नाही. "भाऊ, तुम्ही सांगून बघा की त्यांना. चारच दिवस राहिलेत. मी बाथरूमातच झोपते हवं तर. लेकीसाठी बोललेय ओ."

"कायदा आहे, ताई. माझ्या हातात काही नाही."

"मग तुम्हीच करा. माझ्यानं व्हायचं नाही." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी नळाखाली बोटं ओली केली आणि वात चिमटीत धरली. चर्र झालं. मला तेव्हा काय वाटलं ते लिहितो, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. मला मजा वाटली. मनात म्हटलं, शिवला बघा कावळा.

खोटं तिथे थांबलं असतं तरी चाललं असतं. पण मॅनेजरने विचारलं, अलार्म कशाने वाजला, आणि मी सांगितलं, समोरच्या घरातल्या उघड्या दिव्याने. त्याने घरमालकाच्या एजंटला कळवलं. दोन दिवसांनी जावई मला कार पार्कमध्ये गाठून म्हणाला, "काका, एजंटचा फोन आला. पुन्हा असं झालं तर लीज पुढे चालू ठेवणार नाही म्हणतो. आत्ता बाळाच्या वेळी घर कुठे शोधू? आईंना विचारलं तर नुसत्या रडतात."

मी म्हणू शकत होतो, की एजंटशी मी बोलतो. ते सगळं माझ्या एका वाक्यात मिटलं असतं.

"अरे, या वयात माणूस बदलत नाही," मी म्हणालो. "आज विझवला, उद्या परत लावतील. तू दिवसभर कामावर. बाळ आल्यावर घरात धुपाटणं, शेगडी, शेक. पुण्यात आमच्या सोसायटीत अशानेच एक फ्लॅट गेला होता."

आमच्या सोसायटीत कधीही फ्लॅट जळला नव्हता.

त्याने तिकीट अलीकडचं करून घेतलं. समोरच्या दाराआडून त्याच्या बायकोचं ओरडणं ऐकू यायचं, "माझी आईच नको का तुला? डिलिव्हरी तू करणार आहेस का?" बाई मधे पडायच्या, "नको गं, ते म्हणतात ते बरोबर हाय. माझ्यामुळं तुमचं घर जायला नको." हे मी त्यांच्या दाराला कान लावून ऐकलं आहे.

जायच्या दिवशी त्या आमच्या दारात आल्या. लेकीला आठवा महिना सरत आला होता. लाडू, काढ्याचं सामान, दुपटी, सगळं लेकीच्या कपाटात लावून ठेवल्याचं त्यांनी मला सांगितलं, जणू मी घरचा होतो. "भाऊ, एवढंच करा. अलार्म वाजला की आधी माझ्या लेकीचं दार ठोका. ओल्या बाळंतिणीला पळता यायचं नाही."

"ते माझं कामच आहे," मी म्हणालो.

बाळ सुखरूप झालं, मुलगी. पहिली आंघोळ दवाखान्यातल्या नर्सने घातली. लेक बाळाला घेऊन घरी आली आणि आठवडाभरात तळमजल्यावर कोणाचा तरी टोस्ट करपून भोंगे वाजले. मी मजला तपासत निघालो. मी दारं ठोकत गेलो, पण तिच्या दाराशी आल्यावर हात उचलला नाही. तिच्यासमोर उभं राहायचं नव्हतं मला. ती एकटीच खाली आली, सगळ्यांच्या शेवटी, एका हातात बाळ, दुसऱ्याने कठडा धरलेला, टाक्यांमुळे एकेक पायरी. कार पार्कच्या ओल्या कडेवर बसली.

"काका, आई असती तर बाळ तिच्याकडे असतं," ती म्हणाली.

"पुढच्या वेळी लवकर निघ," मी म्हणालो.

त्यानंतर मी वॉर्डनचं काम सोडलं. गुडघ्याचं कारण सांगितलं. जाकीट दुसऱ्या कोणी तरी नेलं.

बाई परत कधी आल्या नाहीत, आधी पैसे नव्हते, मग तब्येत. नातीला त्यांनी फोनच्या पडद्यावरच पाहिलं. २०१८च्या नवरात्रात एका संध्याकाळी मी बाकावर बसलो होतो आणि त्यांची लेक फोन घेऊन आली. "काका, आई विचारतेय तुम्हाला."

पडद्यावर बाई पार वाळल्या होत्या. नाकात नळी होती.

"कावळा हाय का?" त्या म्हणाल्या आणि हसायला गेल्या, खोकला आला. मग म्हणाल्या, "भाऊ, एक मनात ऱ्हायलंय. चारचौघांत मी तुम्हाला नावं ठेवली. तुम्ही तर माझ्या लेकीचं घर वाचवलंत. त्या गोऱ्या साहेबानं सांगितलं, त्यात तुमचा काय दोष? मला माफ करा."

त्यांना तो साहेब गोरा होता एवढंच आठवत होतं, आणि तेही चुकीचं. लेक शेजारी उभी होती, चार वर्षांची नात फोनमध्ये डोकावून "हाय आजी" म्हणत होती. माझ्या तोंडात सगळं आलं होतं.

"राहू द्या, ताई," मी म्हणालो. "झालं गेलं. मी मनात ठेवलं नाही."

मी त्यांना माफ केलं.

दिवाळीच्या आधी त्या गेल्या. सून समोर भेटायला गेली, मी गेलो नाही. तेव्हापासून कितीदा तरी म्हणून पाहिलं आहे, आरशासमोर, बसमध्ये, गॅलरीत. ताई, तो साहेब म्हणाला होता, दिव्याची जागा उत्तम आहे. धूर तुमच्या दिव्याचा नव्हता. माझे शेंगदाणे करपले होते आणि दार मी उघडलं होतं. माफी तुम्ही नाही, मी... दर वेळी इथवरच येतो.