डावा हात

अंबरनाथ पूर्वेला आमच्या मजल्यावर समोर राहणारे गृहस्थ दात घासत नाहीत, दातांना पॉलिश मारतात. एमआयडीसीत स्टीलच्या नळांना चमक आणण्यात त्यांची उभी हयात गेली. सकाळी गॅलरीत पाय रोवून उभे राहतात, कोपर खांद्याच्या रेषेत आणतात आणि सुरू होतात. माझ्या स्वयंपाकघरात चहा उकळण्याआधी तो खरखराट येऊन पोचतो.

चूळ भरताना रक्त दिसलं की ते समाधानाने म्हणायचे, “कीटण सुटतंय. गंज काढताना पत्रा थोडा झिजतोच.”

तसा तो झिजला. हिरड्या दातांपासून सुटल्या आणि खालचे दोन दात हलायला लागले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी साचलेलं कीटण काढलं, मऊ ब्रश दिला आणि बजावलं, “रोज दोनदा घासा, पण हलक्या हाताने. हे दात आहेत, नळ नाहीत.”

हे त्यांना लागलं. “नळ कधी हलले नाहीत आपले,” घरी आल्यावर मला म्हणाले.

आठवड्याभरात मऊ ब्रशचे केस चारी बाजूंना फाकले. मग एका सकाळी खरखराट आलाच नाही. काळजीने बाहेर डोकावलो, तर ते गॅलरीतच होते. नवा ब्रश डाव्या हातात, फेस कानापर्यंत.

मी विचारायच्या आत चूळ भरून ते म्हणाले, “उजवा आता कुणाचं ऐकणार नाय. डावा नवीन भरती आहे, सांगू तसं करतो.”