भगतभाऊंचा हात आणि चौदा दिवसांचा थर

थर कसा साचतो हे मला नोकरीमुळे चांगलं माहीत आहे. आधी एक जंतू येऊन चिकटतो. मग त्याचे नातेवाईक येतात. मग सगळे मिळून वरून एक चिकट पांघरूण ओढून घेतात, आणि त्यानंतर तुम्ही कितीही चुळा भरा, कोणी जागचं हलत नाही. किस्स्यांचंही असंच असतं. आमच्या लॅबमध्ये सहा वर्षांत इतके साचलेत, की आता थोडे खरवडून काढते.

लॅब छोटी आहे, नागपुरात, मिहानच्या रस्त्यावर. टूथपेस्ट, माउथवॉश, पायाची पावडर असलं काहीबाही बनवणाऱ्या कंपन्या आमच्याकडे बाटल्या पाठवतात. आम्ही काचेच्या चकत्यांवर हा बुळबुळीत थर मुद्दाम वाढवतो. त्याला बायोफिल्म म्हणतात. मग बाटलीतल्या औषधाने तो निघतो का, ते बघतो. थर वाढायला चौदा दिवस लागतात. म्हणजे चौदा दिवस आमचं काम एकच, घाण जिवापाड जपणं! "मुलगी काय करते?" याचं उत्तर माझ्या आईला अजून कुठल्याच लग्नात नीट देता आलेलं नाही.

माणसं आम्ही चार. बोरकर मॅडम मालकीण, मी आणि पंकज हाताखालचे, आणि काचसामान धुवायला भगतभाऊ.

* * *

भगतभाऊ आमच्याकडे यायच्या आधी वीस वर्षं इतवारीत एका भांड्यांच्या दुकानात होते. पितळेचे गुंड, तांब्याची घंगाळं घासून चमकवायचे. गिऱ्हाइकाला त्यात आपला चेहरा दिसला पाहिजे, असा मालकाचा हुकूम! अशा माणसाला आम्ही डाग जपायच्या लॅबमध्ये घेतलं. चूक कोणाची, तुम्हीच सांगा.

पहिल्याच महिन्यात सोमवारी सकाळी मी आले, तर चौदा दिवसांच्या चकत्या टेबलावर फडक्यावर ओळीने वाळत ठेवलेल्या. लखलखीत! मला माझे दात त्यात दिसले.

"भाऊ, हे काय केलं?"

"काही इचारू नका ताई! किती घाण होती त्याच्यात. बोटाले तार सुटून राहिली होती. घासता घासता हात दुखून आले माहे."

चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू. मला रागावायचं होतं, पण जमलं नाही. मॅडमना मात्र जमलं. चांगलं अर्धा तास जमलं.

* * *

एकदा एका कंपनीला घराघरांतला खराखुरा थर हवा होता. बाथरूमचा मग, ब्रश ठेवायचा स्टँड, साबणदाणी. मी आणि पंकज प्रतापनगरात दारोदार फिरलो. "काकू, तुमचा मग आहे तसा द्या, अजिबात धुऊ नका" असं हात जोडून सांगितलं. सगळ्या काकूंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी गोळा करायला गेलो.

बावीस घरं. बावीस मग. एकजात स्वच्छ!

"काकू, धुऊ नका म्हटलं होतं ना?"

"हाव, म्हटलं होतं. पण आपल्या घरचं असं कसं देऊ बाई लोकाईले? तुम्ही तर मशीनखाली पाहणार म्हणता!"

एका काकूंनी तर मग नवा कोरा आणला होता, लेबलसुद्धा निघालं नव्हतं. शिवाय त्यात कोथिंबिरीची सांभारवडी घालून दिली. आम्ही ती गाडीत बसून खाल्ली आणि कंपनीला कळवलं, की नागपुरात असा थर आढळत नाही.

* * *

पंकज उमरेडचा. रोज एसटीने येतो-जातो. सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नाही असा सरळ मुलगा. वडील शाळेतले निवृत्त मास्तर, त्यामुळे सरळ राहण्यावाचून त्याला पर्यायही नव्हता.

एका चाचणीसाठी चार दिवस दात न घासणारा माणूस हवा होता. चिठ्ठी टाकली, पंकजची निघाली. तो तोंड मिटून हिंडू लागला. एसटीत कंडक्टर म्हणाला, "खर्रा थुंका आधी, मग कुठं जाचं ते सांगा." नागपूरकडे ज्याचं तोंड बंद, त्याच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, असं सगळे धरूनच चालतात. पंकजने नुसतं बोटाने उमरेडच्या पाटीकडे दाखवलं.

चौथ्या दिवशी आम्ही त्याच्या दातांना रंग लावला. साचलेल्या थरावर हा रंग लालभडक चढतो, म्हणजे मोजायला सोपं. मोजून झालं आणि नेमकी लॅबची टाकी रिकामी. "घरी जाऊन घासतो," म्हणून तो तसाच बसला गाडीत.

संध्याकाळी मॅडमचा फोन वाजला. पंकजचे वडील.

"मॅडम, पोराचे दात लाल आहेत. तो म्हणते ऑफिसात झाले. हे खरं आहे काय जी?"

"हो हो, आम्हीच करतो," मॅडम म्हणाल्या. "काळजी करू नका, आळीपाळीने सगळ्यांना देतो!"

मास्तर दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने लॅबच्या दारात उभे. त्यांना सगळं समजावून सांगायला दीड तास लागला. जाताना म्हणाले, "खर्ऱ्याचं असतं तर समजलं असतं. पण दात न घासायचा पगार देता, हे मी गावात कोणत्या तोंडानं सांगू?"

* * *

मे महिन्यात आमचं इन्क्युबेटर हे लॅबमधलं सगळ्यात सुखी ठिकाण असतं. ते कपाट आत कायम सदतीस डिग्री राखतं. गरज पडली तर तापवतं, गरज पडली तर थंड करतं. बाहेर पंचेचाळीस! एका दुपारी बघते तर भगतभाऊ दार उघडून आत डोकं घालून उभे.

"काहून उभे आहात भाऊ?"

"थंडं लागून राहिलं वं ताई. जंतूईची मजा आहे."

तिथवर ठीक होतं. पण चार दिवसांनी मॅडम सगळ्या नमुन्यांची तपासणी करत होत्या. कोपऱ्यातल्या एका वाटीतला ठिपका त्यांनी मायक्रोस्कोपखाली घेतला आणि ओरडल्याच, "काय वाढ आहे ही! असा नमुना दहा वर्षांत पाहिला नाही. पंकज, कुठून आणला?"

पंकजने वही पाहिली. वहीत नोंद नव्हती. मागून भगतभाऊ हळूच म्हणाले, "घरचं विरजण आहे जी. दही मस्त जमते या अलमारीत."

दह्याचे जंतू शेजारच्या चकत्यांवर पसरले होते. पुन्हा चौदा दिवस पाण्यात! मॅडमनी कपाटाला कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि भगतभाऊंना कामावरून कमी करण्याचं पत्र टाइप करून, सही करून, टेबलाच्या खणात ठेवलं.

"भगत, आता एकदा जरी असं झालं, तर हे पत्र तुमच्या हातात. मी ऐकून घेणार नाही."

भगतभाऊंची मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, घरात कमावणारे हे एकटे. त्या दिवसापासून ते कपाटापासून चार हात लांबून जायचे, हात पाठीमागे बांधून. मला ते बघून फार वाईट वाटायचं. दही खरंच छान लागलं होतं.

* * *

आणि आता इंदूरच्या साहेबांचा किस्सा.

हे साहेब माउथवॉश बनवतात. अत्यंत सज्जन. त्यांचं माउथवॉश आमच्याकडे तीनदा नापास झालं होतं, आणि दर वेळी ते "आपल्या मेहनतीबद्दल आभारी आहे" असं पत्र आणि सोबत शेवेचा डबा पाठवायचे. आमच्या लॅबमध्ये त्यांच्या माउथवॉशपेक्षा त्यांच्या शेवेवर जास्त विश्वास होता. चौथ्या वेळी त्यांनी कळवलं, की नवा फॉर्म्युला आहे आणि निकाल बघायला मी स्वतः येतो.

आम्ही थर वाढवला. असा जाड, पिवळा, चिवट थर मी आजवर पाहिला नव्हता. शनिवारी संध्याकाळी मॅडमनी चकत्यांच्या दोन ताटल्या केल्या. एकीत साधं पाणी ओतलं, दुसरीत साहेबांच्या बाटलीतलं औषध. दोन्ही कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये.

सोमवारी साहेब आले. शेवेचा डबा टेबलावर ठेवला. मॅडमनी पर्समधून किल्ली काढली, कुलूप उघडलं, दोन्ही ताटल्या बाहेर आणल्या.

साध्या पाण्यातल्या चकत्यांवर थर जसाच्या तसा. दुसऱ्या ताटलीतल्या चकत्या लखलखीत. मला माझे दात दिसले!

मग मॅडम, पंकज आणि मी, तिघंही एकदम ओरडलो, "भगतभाऊ!"

भगतभाऊ दारातच होते, हात पाठीमागे. चेहरा पांढराफटक.

"मी नाही जी! मायची शपथ, मी हात नाही लावला!"

"मग कोणी घासल्या?" मॅडमनी खण उघडून पत्र बाहेर काढलं. "पाहुण्यांसमोर नाक कापलं माझं! अशी चकाकी या लॅबमध्ये दुसऱ्या कोणाच्या हाताला आहे का?"

"पण मॅडम, किल्ली तर तुमच्या पर्समंधी होती नं जी!"

आम्ही सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं.

"मी?" मॅडम म्हणाल्या. "मी घरची कपबशी विसळत नाही!"

आणि मग त्यांचा हात हवेतच थांबला. त्यांनी एकदा पर्सकडे पाहिलं, एकदा कुलपाकडे, एकदा दोन्ही ताटल्यांकडे. खुर्चीवर टेकल्या. पत्राचे चार तुकडे केले आणि जंतूंच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकले. भगतभाऊंनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. माझेही भरून आले होते, खोटं कशाला बोलू. त्या ओरडण्यात सगळ्यात मोठा आवाज माझाच होता.

साहेब उठले. चकचकीत चकती चिमट्यात धरून उजेडात फिरवून पाहिली. मग भगतभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खिडकीपाशी बाजूला घेऊन गेले.

"भगतभाऊ, घाबरू नका. मी कोणाला सांगणार नाही."

"सांगाचं काय जी साहेब? मी काहीच नाही केलं. त्याच्यात तुमच्याच बाटलीतलं औषध होतं!"

"ते मला माहीत आहे हो," साहेब आवाज खाली आणून म्हणाले. "औषध मीच बनवलंय. म्हणून तर विचारतो. खरं सांगा, घासलं कशाने?"