शर्टाखालचं मंगळसूत्र

मी रोह्याचा. धाटावच्या कंपनीतून सुट्टी मिळाली की धातू शोधायचं मशीन घेऊन समुद्रावर जातो. एकदा पेणचा एक नवरा सगळ्यांसमोर बायकोवर ओरडत होता, "एक मंगळसूत्र सांभाळता येत नाय तुला?" ती रडत पाण्याकडेची वाळू उकरत होती. तासभर मीही तिथेच शोधलं. शेवटी ती हळूच मला म्हणाली, "पाण्यात जाताना ह्यांच्याकडेच दिलेलं."

त्याने शर्ट काढून ठेवला होता तिथे मशीन लगेच वाजलं. त्याने हात पुढे केला. "द्या इकडं, निघायचंय."

माझं डोकंच फिरलं. "आधी बाईंची माफी मागा," मी ओरडलो आणि मंगळसूत्र तिच्या हातात दिलं. तो गाडीकडे चालता झाला. तिने ते गळ्यात घातलं नाही, पर्समध्ये टाकलं.