धनेशाची ओटी

फोटोत धनेशाची चोच आमच्या वायरच्याही वर गेलेली दिसत होती.

फोटो लाइनमन महाडिकांनी पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'मॅडम, उद्या हा रस्त्यावरून जाणार.' मी वीज कार्यालयात ज्युनिअर इंजिनिअर. चहा तसाच टाकून रत्नागिरीतून निघाले.

गाव गणपतीपुळ्याच्या वाटेवरचं. तिथल्या देवराईत धनेशाची जोडी दरवर्षी घरटं करते. म्हणून मे महिन्यात, मुंबईकर आलेले असताना, देवराईची मिरवणूक काढायचं गावानं पहिल्यांदाच ठरवलं होतं. पोरं खेकडे, कासवं, फुलपाखरं होणार आणि मधोमध हा धनेश. बांबूचा सांगाडा, पोफळीच्या विरीची, म्हणजे झावळीच्या रुंद बुडख्याची, पिसं, जुन्या साड्यांचं पोट. आठ गडी तो खांद्यावरून नेणार. सगळ्यामागे सुलभाकाकू होत्या, निवृत्त अंगणवाडी सेविका. पक्षी इतका देखणा झाला होता की मला त्याचा रागच आला. असल्या गोष्टीला नाही म्हणायचं काम नेमकं माझ्याच वाट्याला यावं?

"काकू, देवळापुढे आमची अकरा केव्हीची लाइन रस्ता ओलांडते."

अकरा केव्ही म्हणजे अकरा हजार व्होल्ट. त्या तारेला घरातल्या वायरसारखं आवरण नसतं. तिला शिवायचीही गरज नाही, फार जवळ गेलं तरी माणूस संपतो. त्यात उन्हाळ्यात तार तापून लांबते आणि तिचा झोळ आणखी खाली येतो. त्याला आम्ही सॅग म्हणतो.

"मग चोचीवरचं शिंग कापू या?" महाडिक म्हणाले.

"शिंग कापलं तर कावळा होईल त्याचा!" काकू उसळल्या. "त्यापेक्षा जरा वेळ वीज बंद ठेव गो बाय."

मी साहेबांना फोन लावला. "त्याच फीडरवर हॉस्पिटल आहे," ते म्हणाले. फीडर म्हणजे एका भागाला वीज नेणारी मुख्य लाइन. "शटडाऊन मिळणार नाही. पक्षी थांबवा."

"साहेब, अख्खं गाव राबलंय यासाठी."

"मग जबाबदारी तुमची."

दुसरी वाट म्हणजे पाखाडी. त्या अरुंद पायऱ्यांवरून पक्षी जाणं शक्य नव्हतं. मिरवणूक पुढे ढकलावी, तर मुंबईकर परवा परत निघणार. शेवटी मानेला बिजागरी बसवायचं ठरलं. आतून दोरी ओढली की मान खाली. शाळेच्या मैदानात आम्ही दोन वाशांना सुंभ बांधला. वायरच्या उंचीतून सुरक्षित अंतर वजा करून जी उंची उरते, तेवढ्यावर. सुंभाला पक्षी लागता कामा नये. धनेश मान वाकवून खालून अलगद गेला. परत गेला. मी खूश.

"आता ढोलावर करू," कोणीतरी म्हणालं.

ढोल सुरू झाला. सुंभाजवळ ताल चढला आणि आठही गड्यांनी धनेश डोक्यावर उचलून असा काही नाचवला की सुंभ तुटून चोचीला लोंबायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी धावत पुढे गेले.

"अहो, काय केलंत हे?"

"काय केलं?" पुढचा गडी, बाळा, खरंच विचारत होता.

मग उलगडलं. हे आठही जण शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी नाचवणारे. पालखी टेकवायचा दगडी कट्टा, म्हणजे सहाण, नेमका आमच्या तारेजवळ. तिथं आलं की ढोल चढतो आणि पालखी वर जाते. बापजाद्यांपासून.

"हात आपोआप जातात ओ मॅडम. आता नाय होणार."

पुन्हा झालं. तिसऱ्यांदाही झालं.

"ढोल बंद ठेवा," मी म्हटलं.

"ढोलाबिगर पाय नाय उचलत आमचे."

मी सुलभाकाकूंकडे बघू शकत नव्हते. नकार ओठांवर आला होता. तेवढ्यात सुचलं म्हणून विचारलं, "पालखी खाली कधी घेता?"

"ओटी भरायला. दारापुढं गेली की बायका सुपातून नारळ-तांदूळ आणतात, तवा."

"तेव्हा ढोल कसा वाजतो?"

ढोलवाल्यानं सावकाश, दबका ताल धरला. खांद्यावर काही नसतानाही आठ जणांचे गुडघे वाकले. मला हसूच फुटलं. तोच ताल धरून धनेश सुंभाखालून चार वेळा नेला. चारही वेळा तो नीट गेला.

दुसऱ्या दिवशी मी हेल्मेट घालून तारेच्या अलीकडे उभी होते. सबस्टेशनचा ऑपरेटर फोनवर होता, मी ओरडले तर लाइन बंद करायला. खेकडे तिरके चालत गेले. कासवांना घाई नव्हतीच. धनेश आला, ताल उतरला, मान वाकली, गुडघे वाकले. सगळं ठरल्याप्रमाणे.

फक्त मी एक गोष्ट विसरले होते. तो ताल बायकांनाही माहीत होता.

ओटीचा ताल ऐकून सहाणेजवळच्या घरांतून सुपं घेऊन बायका निघाल्या आणि तारेच्या बरोबर खाली धनेशाला अडवून उभ्या राहिल्या. मिरवणूक थांबली. ओटी भरून झाली की पालखी वर उचलतात, हे मला आदल्याच दिवशी कळलं होतं.

"ओटी पुढे वडाखाली भरा!" मी ओरडले. वाजंत्र्यांच्या आवाजात कोण ऐकतंय? फोनवरच्या ऑपरेटरलाही काही कळेना. मग मी पहिल्या बाईच्या हातातलं सूपच घेतलं आणि वडाकडे चालायला लागले. सुलभाकाकू ढोलवाल्याच्या कानाशी जाऊन खेकसल्या, "हाच ताल धर!" ओटी पुढे निघाल्यावर धनेश काय करणार? मान खाली घालून माझ्यामागून आला. तार मागे पडली. वडाखाली ओटी भरली आणि मग त्यांनी तो असा उंच नाचवला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीचं म्हणा, आनंदाचं म्हणा.

महाडिकांनी फोटो काढून साहेबांना पाठवला. हेल्मेट घातलेली मी, हातात सूप, मागे वाकलेला धनेश. साहेबांचा फोन आला. "हे कुठल्या मॅन्युअलमध्ये आहे?"

पुढे आम्ही तिथं उंच पोल टाकून तार वर घेतली. आता वाकायचं कारण नाही. तरी धनेश तिथं वाकतो, आणि सूप घेऊन पुढे चालायला दर मे महिन्यात मला बोलावणं येतं.

हल्ली मिरवणुकीची परवानगी मागायला कोणी आलं की मी आधी उंची विचारते. मग विचारते, वायरखाली ढोल कोणता वाजणार?